बाईंनी पाहिलेले बेट

आमच्या घरात कोणताही निर्णय लोकशाही पद्धतीने होतो. म्हणजे सगळे एकदम बोलतात, कुणी कुणाचे ऐकत नाही, आणि शेवटी पाने मांडायची वेळ झाली म्हणून सभा बरखास्त होते. दिवाणखान्याचा रंग, मुलीचे कॉलेज, गणपतीची आरास हे सारे प्रश्न आम्ही असेच सोडवले आहेत. यंदा नवरात्रात सभेपुढे आलेला विषय मात्र नवा होता. बेट कोणते?

विषय मांडला आमच्या चिरंजीवांनी. आमची सौ. तेहतीस वर्षे मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून गेल्या मे महिन्यात निवृत्त झाली. त्याप्रीत्यर्थ चिरंजीव म्हणाले, "बाबा, आईला एखाद्या बेटावर न्यायचं. मस्त समुद्र, माड, आराम. खर्च माझा."

'नेणे' हे क्रियापद आपण सामानाला आणि आईला सारखेच लावतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. खर्च दुसऱ्याचा म्हटल्यावर माणसाची कल्पनाशक्ती फुलते. मी तत्काळ अंदमानचे नाव घेतले. ज्या गावाला आपण पोर्ट ब्लेअर म्हणत आलो आणि २०२४ साली ज्याचे श्री विजय पुरम झाले, तिथला तुरुंग पाहण्याची इच्छा मी शाळेपासून बाळगून आहे. १९०६ साली तो बांधून पूर्ण झाला. त्याच्या सात लांबलचक इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. "त्यासुद्धा पडायच्या आत पाहून घेऊ," मी म्हणालो.

"सुटीत तुरुंग?" चिरंजीव म्हणाले. "मालदीवला जाऊ. बाराशेच्या आसपास बेटं आहेत. एका बेटावर एकच हॉटेल. कुणी ओळखीचं भेटायचं नाही."

"मग बोलायचं कुणाशी?" आमच्या मातोश्रींनी विचारले. त्यांचे मत मॉरिशसला होते. तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुटी असते, शाळांतून मराठी शिकवतात आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ऊसमळ्यांवर गेलेल्या आपल्या माणसांचे वंशज अजून आरत्या म्हणतात, हे त्यांनी कीर्तनात ऐकले होते. कन्येने बालीचा आग्रह धरला. कारण विचारता तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्यात भाताची खाचरे होती. भाताची खाचरे पाहायला मुळशीपर्यंत गेले तरी पुरते, असे मी म्हणालो. त्यावर आमच्यात जे संभाषण झाले ते येथे देत नाही.

सौ. कोथिंबीर निवडीत बसली होती. तिने कुणालाच विरोध केला नाही. फक्त मधूनमधून हवामान सांगितले.

"दिवाळीत अंदमानला जाणार असाल तर छत्र्या घ्या. तिथं नैर्ऋत्येचा पाऊस पडतो, आणि मग ईशान्येचाही पडतो. जानेवारीनंतर बरं. आणि हो, पाचच्या सुमाराला अंधार पडेल. घड्याळ आपलंच, पण तिथला सूर्य पुण्याच्या सव्वा तास आधी मावळतो."

"बरं, मालदीव?"

"डिसेंबर सरता सरता कोरडं व्हायला लागतं ते एप्रिलपर्यंत. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथं नोव्हेंबरात पाऊस सुरू होतो. मॉरिशसही दक्षिणेलाच. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस. पण दिवाळीलाच जायचं असेल तर या चौघांत मॉरिशस चांगलं."

मातोश्रींनी विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहिले. मला मात्र आपले काहीतरी चुकते आहे असे वाटू लागले. बेट निवडायला आम्ही नकाशा, फोटो, विमानाचे भाडे सारे पाहिले होते. कोणत्या महिन्यात जायचे हे कुणीच पाहिले नव्हते. मंडईत आंबे घ्यायला गेलो तरी आपण आधी महिना बघतो. बेटांना फळांसारखेच हंगाम असतात, आणि आपल्या सुट्या पाहून ते ठरलेले नसतात.

तेवढ्यात मातोश्री म्हणाल्या, "अगं, सगळ्यांना हवामान सांगितलंस. पण निवृत्त तू झालीस ना? तुला कुठं जायचंय?"

सभा एकदम शांत झाली. हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. खरे म्हणजे लग्नाला एकतीस वर्षे झाली, मीही कधी विचारला नव्हता.

सौ. उठली आणि कपाटातून एक जुनी टाचणवही घेऊन आली. मास्तर-मास्तरीण मंडळींना ती ठाऊक असेल. उद्या काय शिकवायचे ते रात्री जागून जीत लिहायचे ती वही. मधल्या एका पानावर निळ्या-लाल पेन्सिलीने तीन चित्रे काढली होती. पहिल्यात समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी आणि त्याला लगटून वाढलेले प्रवाळ. दुसऱ्यात डोंगर अर्धा बुडालेला, प्रवाळांची भिंत जरा लांब. तिसऱ्यात डोंगर नाहीसाच. उरले आहे ते एक पांढरे कडे आणि मधे उथळ हिरवे पाणी. खाली लिहिले होते: कंकणद्वीप.

"मला हे बघायचंय," ती म्हणाली. "दर वर्षी फळ्यावर काढलं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही."

मग आमच्या दिवाणखान्यात तास भरला. तिने देवापाशी ठेवलेली पणती आणवली, पेटवली, आणि एक कागद ज्योतीवर धरून हळूहळू पुढे सरकवला. कागदावर काळ्या डागांची रांग उमटली. "जमिनीखाली एका जागी अशी ज्योत आहे, आणि भारताला घेऊन चाललेला भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकत आला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पहिला मोठा डाग म्हणजे आपलं दख्खनचं पठार, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं. मग लक्षद्वीप, मग मालदीव. ऐंशी-नव्वद लाख वर्षांमागे मॉरिशस. आणि ज्योत आज रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे."

म्हणजे पर्वतीचा काळा दगड आणि त्या पांढऱ्या बेटांच्या तळाचा दगड ही सख्खी भावंडे! लक्षद्वीप-मालदीवचे डोंगर केव्हाच खाली गेले; त्यांच्या माथ्यावर प्रवाळ नावाचे इवले जीव चुन्याची घरे बांधीत राहिले. डोंगर जितका खचे तितके ते वर वाढत. हा तर्क डार्विनने १८४२ साली पुस्तकात मांडला. १९५२ साली प्रशांत महासागरातल्या एनेवेटोक बेटावर भोक पाडले, तेव्हा बाराशे मीटरांहून अधिक खोल चुनखडक लागला आणि त्याखाली ज्वालामुखीचा दगड मिळाला. एकशेदहा वर्षांनी पेपर तपासला गेला आणि मास्तर पास झाले.

"मग इतकी वर्षं गेली का नाहीस?" कन्येने विचारले.

"केव्हा जाणार? दिवाळीच्या सुटीत सहामाहीचे पेपर, फराळ नि भाऊबीज. मे महिन्यात लग्नं, आणि मेच्या मध्यापासून तिथला समुद्र खवळतो. पाणी नितळ असतं तेव्हा माझी शाळा भरलेली असायची."

मी विचारले, "मग आता लक्षद्वीप की मालदीव? कंकणं दोन्हीकडं आहेत."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लक्षद्वीप. तिथं माझं एक काम राहिलंय."

आणि तिने जे सांगितले ते ती एकतीस वर्षांत मलाही बोलली नव्हती. १९९६ सालची गोष्ट. नववीचा वर्ग. शाळेच्या कपाटात प्रवाळाचा एक पांढरा तुकडा होता, तो ती मुलींना दाखवीत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, तुम्ही लक्षद्वीप पाहिलंय?" इन्स्पेक्शनसाठी आलेले साहेब दाराशी उभे होते. आणि ही म्हणाली, "हो."

"मुलगी खूष झाली. म्हणाली, 'बाई, तिथं प्रवाळ असेच पांढरे असतात?' मी म्हटलं, असेच असतात. अहो, पांढरा म्हणजे मेलेला! जिवंत प्रवाळ तपकिरी, हिरवा, जांभळा असतो. एका खोट्यापायी मी दुसरं चुकीचं शिकवलं. पुढच्या वर्षीपासून मी विचारायच्या आधीच सांगत असे की मी पाहिलेलं नाही. पण त्या मुलीला सांगायचं राहिलं."

कुणीच काही बोलले नाही. मग कन्या मोबाइलमध्ये पाहून हळूच म्हणाली, "आई, आता तिथंही पांढरे होताहेत." ते खरे आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. त्याचा रंग आणि बहुतेक अन्न त्या शेवाळाचे. समुद्र फार तापला की शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. पाणी वेळेवर निवले तर सावरतो, नाही तर उपासाने मरतो. १९९८ साली लक्षद्वीप-मालदीवमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झाले. २०१०, २०१६ आणि २०२४ साली पुन्हा झाले.

"म्हणूनच आता जायचं," सौ. म्हणाली. "मी शिकवलेलं चूक होतं, ते खरं व्हायच्या आत."

पुढचे सारे तपशिलाचे. माणसे राहतात अशी बेटे दहा, सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर. कोचीहून जहाजाने जा किंवा विमानाने अगत्तीला उतरा. आपल्याच देशात जायला परवाना लागतो याचा मला राग आला, तेव्हा खुलासा मिळाला: अशा बेटाखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, तेवढ्यावर विहिरी चालतात. पाहुणे किती झाले याची मोजदाद ठेवावीच लागते. मी राग मागे घेतला.

मातोश्रींना जहाजाची माहिती सांगितली की काही बेटांजवळ ते खोल पाण्यात उभे राहते आणि होडीत उतरावे लागते. त्या हसल्या. लहानपणी त्या मुंबईहून वेंगुर्ल्याला बोटीने जात, आणि बंदराबाहेर पडावात उतरत. "लाटेबरोबर पडाव वर आला की पाय टाकायचा. तेव्हा माझे गुडघे दहा वर्षांचे होते. आता तुम्ही दोघंच जा."

"मीही येतो," चिरंजीव म्हणाले.

"तू कशाला? तू पैसे दे."

असा ठराव एकमताने मंजूर झाला. आम्ही फेब्रुवारीत निघू, शाळा भरलेली असताना. अंदमानचा तुरुंग माझ्यासाठी थांबेल. तो पक्क्या विटांचा आहे. मॉरिशससाठी मातोश्रींचे नाव पहिले लिहून ठेवले आहे. विमानात चढताना लाटा नसतात.

काल फराळाचे डबे भरताना मी सौ.ला विचारले, "त्या मुलीला कसं कळवणार?"

"आता चाळिशी ओलांडली असेल तिनं. आडनाव बदललं असेल. कुठं शोधू?"

म्हणून तिच्या परवानगीने हे येथे लिहितो. वाचकांपैकी कुणी १९९६ साली पुण्यातल्या मुलींच्या शाळेत नववीत असेल, मागच्या बाकावर बसत असेल आणि प्रवाळ पांढरे असतात असे अजून समजत असेल, तर तिला बाईंचा निरोप आहे. बाईंनी तेव्हा लक्षद्वीप पाहिलेले नव्हते. प्रवाळ पांढरे नसतात. त्यांचे रंग कोणते, ते मार्चमध्ये सांगतील.