दोष कारखानदाराचा, भुर्दंड गिऱ्हाइकाचा

दिनांक १९ जुलै २०२४ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊ वाजून गेल्यावर, क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रणालीची एक नवी फाइल जगभरच्या गिऱ्हाइकांकडे एकाच वेळी धाडली. प्रणालीचा एक भाग वीसच बाबी पुरवीत होता आणि दुसरा भाग एकविसावी मागत होता, एवढाच काय तो घोळ. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत फाइल मागे घेण्यात आली. परंतु तोवर, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. इंग्लंडात डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी दिसेनाशा झाल्या, अमेरिकेत विमाने जमिनीवर खिळली, आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. हे कृत्य कोणा शत्रुराष्ट्राचे नव्हते की कोणा भामट्याचे नव्हते. ज्याला पगार देऊन दारावर उभा केला, त्या रखवालदारानेच मालकाला घराबाहेर कोंडले होते.

पुढे जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. आपल्या भागीदार विक्रेत्यांची समजूत काढण्यासाठी कंपनीने दहा डॉलरच्या खाद्यपदार्थांची कुपने वाटली. त्यांतलीही काही, वापर संशयास्पद ठरल्याने, चाललीच नाहीत. डेल्टा या विमान कंपनीने पन्नास कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचे सांगून दावा लावला, तेव्हा करारानुसार आपली जबाबदारी एक आकडी दशलक्ष डॉलरपलीकडे जातच नाही, असे उत्तर तिला मिळाले. डेल्टाला वकील परवडतात. ज्या रुग्णाची तपासणी त्या दिवशी राहिली, ज्या मजुराचे विमान चुकून आखातातली हजेरी बुडाली असेल, त्याचा कंपनीशी करारच नाही. मग दाद कसली? शेअरबाजाराने मात्र वर्षभराच्या आतच कंपनीला तिची जुनी किंमत परत दिली आणि वर थोडी भरही घातली.

सॉफ्टवेअर विकत घेताना जो लांबलचक करार न वाचताच मान्य करावा लागतो, त्याचे सार एका वाक्यात सांगता येते: माल आहे त्या स्थितीत दिला आहे, तो चालेलच याची हमी नाही, आणि न चालल्यास होणाऱ्या हानीस कंपनी जबाबदार नाही. प्रेशर कुकरच्या कारखानदाराने असा कागद डब्यात घालून पाठविला तर लोक त्याला हसतील. बियाणे महामंडळाचे निकृष्ट बी उगवले नाही, तर शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक मंचापुढे भरपाई मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिलेला आहे. बी रुजणे हे पावसावर, मातीवर, खतावर अवलंबून. तरीही विक्रेत्याची सुटका नाही. सॉफ्टवेअर सर्वस्वी माणसाच्या हातचे, आणि त्याच्या कर्त्याला मात्र साऱ्या दायित्वातून माफी! व्यवहारात आज दिसते ते हेच.

याचे अर्थशास्त्र नवे नाही. खासगी उद्योग आपल्या खर्चाचा एक भाग धुराच्या, सांडपाण्याच्या, आजाराच्या रूपाने समाजाच्या माथी मारतात आणि म्हणूनच त्यांचा ताळेबंद नफ्याचा दिसतो, ही मांडणी कार्ल विल्यम काप यांनी १९५० सालीच सविस्तर केली होती. सदोष सॉफ्टवेअर हे या युगातले सांडपाणी होय. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, गिऱ्हाइकाला मालाचा दर्जा पारखता येत नसेल तर चांगल्या मालाला जादा दाम मिळत नाही आणि हळूहळू वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी २००१ साली हेच तर्कशास्त्र संगणक-सुरक्षेला लावले. सुरक्षा फसते ती बहुधा तंत्र अपुरे पडते म्हणून नव्हे. जो ती राखू शकतो त्याला नुकसान सोसावे लागत नाही आणि जो नुकसान सोसतो त्याच्या हातात काही नसते, म्हणून. सुरक्षित माल बनवायला वेळ लागतो; बाजारात आधी पोहोचणाऱ्याचे मात्र साम्राज्य होते. मग कोणता शहाणा भांडवलदार थांबेल?

किंबहुना, असुरक्षितता हाच आता धंदा झाला आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले की तिच्या सुरक्षा-उत्पादनांची वार्षिक विक्री वीस अब्ज डॉलरच्या वर गेली आहे. गळके छप्पर विकावयाचे आणि पावसाळ्यात बादल्याही आपणच विकावयाच्या. त्याच वर्षी चिनी हेरांनी याच कंपनीच्या टपालव्यवस्थेत शिरून अमेरिकेच्या वाणिज्यमंत्र्यांची पत्रपेटी वाचली आणि परराष्ट्र खात्याची सुमारे साठ हजार पत्रे उचलली. ही घुसखोरी उघडकीस आणली कोणी? कंपनीने नव्हे, परराष्ट्र खात्याने. आणि त्या खात्याला ती दिसली, कारण आत कोण केव्हा आले याची तपशीलवार नोंद पाहण्यासाठी त्याने जादा पैसे मोजले होते! ज्यांनी साधी वर्गणी भरली त्यांच्या घरात चोर शिरला तरी वहीत नोंद दिसावयाची नाही, अशी ती योजना होती. ओरड झाल्यावर कंपनीने त्या नोंदी फुकट देऊ केल्या. सरकारनियुक्त चौकशी मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये ही घटना टाळता येण्याजोगी होती असे सांगून कंपनीच्या सुरक्षाविषयक वृत्तीवर कडक ताशेरे ओढले. जानेवारी २०२५ मध्ये नव्या राजवटीने त्या मंडळाच्या सदस्यांनाच घरी पाठविले.

सरकारे या बाबतीत कंपन्यांहून सोवळी आहेत असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला विंडोजमधील एक भगदाड ठाऊक होते; ते बुजवावयास सांगण्याऐवजी तिने त्याचे हत्यार करून जवळ ठेवले. ते हत्यार चोरीस गेले आणि २०१७ साली बाजारात आले. त्या जूनमध्ये युक्रेनवर सोडलेला विषाणू मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून न्हावा शेव्याच्या बंदरात पोहोचला आणि तिथल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. ज्या भांडणाशी उरण तालुक्याचा सुतराम संबंध नव्हता, त्यात इथला कंटेनर अडकला.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण तर सहकारी चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे असे आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये दोन हप्त्यांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतला मोठा हिस्सा अठ्ठावीस देशांतल्या यंत्रांतून बनावट कार्डांनी काढण्यात आला. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली. ते होते कार्ड घेऊन यंत्रापुढे उभे राहिलेले हस्तक. सूत्रधार परदेशात, आणि प्रणाल्या विकणारे तर कोणाच्या खिजगणतीतही नाहीत.

बँकेचे पैसे गेले तर तो सायबर हल्ला. खातेदाराचे गेले तर तो खातेदाराचा निष्काळजीपणा! दोष तिसऱ्याच ठिकाणी असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्याच्यावर बोजा पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली सांगितले आहे. पण ‘ओटीपी तुम्हीच सांगितलात ना?’ हा एक प्रश्न विचारला की सेवानिवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी त्याच्या पदरात पापासारखी पडते. सहा अंकांच्या एका आकड्यावर साऱ्या आयुष्याची कमाई टांगणारी व्यवस्था कोणी रचली, हे कोणी विचारीत नाही. एके काळी विमा महामंडळात संगणक येऊ लागला तेव्हा कामगार संघटनांनी नोकऱ्यांचा प्रश्न विचारला आणि तो रास्तच होता. जबाबदारीचा प्रश्न त्या वेळी चळवळीलाही सुचला नाही, हे मान्य केले पाहिजे.

दिल्लीच्या सरकारने यावर काय केले? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाखाली, कंपनीच्या हलगर्जीपणाने नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागता येत होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते कलम वगळण्याचेच ठरविले. नव्या कायद्यात दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे, पण तो भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाचा. ज्याची माहिती चोरीस गेली त्याला त्यातला छदामही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा कंपन्यांवरील बहुतेक कर्तव्यांना अठरा महिन्यांची सवलत मिळाली. माहिती अधिकार कायद्यातील, व्यक्तिगत माहितीच्या सबबीला असलेली सार्वजनिक हिताची अट काढून टाकणारी दुरुस्ती मात्र तत्काळ लागू झाली. कंपनीला दीड वर्ष उसंत आणि रेशन दुकानाची यादी मागणाऱ्या कार्यकर्त्यावर त्याच दिवशी कात्री!

युरोपीय संघाने २०२४ साली सदोष मालाच्या दायित्वाच्या आपल्या कायद्यात सॉफ्टवेअरला ‘वस्तू’ म्हणून स्पष्टपणे आणले असून सदस्य राष्ट्रांना त्यासाठी ९ डिसेंबर २०२६ ची मुदत आहे. भांडवलशाही देशांना जे जमते ते इथे अशक्य म्हणता येणार नाही. परंतु संसदेची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरतात. अहवाल मंजूर करण्यापूर्वी सभासदांनी एवढेच मागावे: प्रणाली पुरविणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारातील दायित्वाचे कलम अध्यक्षांनी सभेत मराठीतून वाचून दाखवावे, आणि ते इतिवृत्तात नोंदवावे.