ससा गाजर खातो

मी 18 वर्षं शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पाचवीच्या मुलांना ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध दिला की निम्म्या वह्यांत ससा असतो. ‘ससा पांढराशुभ्र असतो. त्याचे कान लांब असतात. तो गाजर खातो.’ या वाक्यांपुढे लाल पेनने मी शेकडो वेळा बरोबरची खूण केली असेल. मागच्या वर्षी आमच्या घरात एक ससा मेला. तेव्हा कळलं, की इतकी वर्षं मी फक्त शुद्धलेखन तपासत होते.

त्या वर्षी रमजान ईद मार्चच्या अखेरीस आली होती. माझ्या धाकट्या भावाने भाचीला ईदी म्हणून सशांची जोडी आणली. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या माणसाकडून घेतली होती. “याला काही लागत नाही भाई, गाजर घाला, कोबी घाला, चपातीचा तुकडा टाका,” असं त्याने सांगितलं होतं. मुलीने नराचं नाव शेरू ठेवलं आणि मादीचं रुई. ईदला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने त्यांना एकदा तरी कान धरून उचललं.

आम्ही त्यांचे फार लाड केले. सकाळ-संध्याकाळ गाजर. दुधात भिजवलेली चपाती. चहाबरोबरचं बिस्किट. एका रविवारी तर मुलीच्या शाम्पूने आंघोळसुद्धा घातली. पिंजरा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत होता आणि सोलापूरचा एप्रिल सुरू झाला होता.

एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, “अम्मी, रुईने गाजर सोडलंय. सकाळपासून काहीच खाल्लं नाही.” ईदनंतरचे सहा रोजे माझे चालू होते. मी हसत म्हटलं, “तिनेही रोजा धरला असेल.” दुसऱ्या दिवशी सकाळी रुई कुशीवर पडली होती. ज्या डॉक्टरांकडे नेलं ते गाई-म्हशी-शेळ्या बघणारे. “सशाचा मला अनुभव नाही,” असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. दुपारी ती गेली.

शेरूसाठी मी पुण्यातल्या एका डॉक्टरांचा नंबर मिळवला. त्यांनी फोनवर अर्धा तास समजावून सांगितलं, नंतर मी स्वतःही वाचलं. ईदच्या आधी जे कळायला हवं होतं, ते असं होतं.

सशाचं पोट गवतावर चालतं. त्याच्या खाण्यात 80 टक्क्यांच्या आसपास गवत हवं, वाळलेलं किंवा ताजं. त्याचे 28 दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. गाजरात साखर जास्त, त्यामुळे ते आपल्या मिठाईसारखं, कधीतरी एक छोटा तुकडा. चपाती, बिस्किट, दूध यांनी त्याचं पोट बिघडतं. सशाला उलटी करता येत नाही. त्याने दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर पोटाचं काम बंद पडत चाललंय असं समजून लगेच डॉक्टर गाठावा लागतो. ज्याला मी रोजा म्हटलं, तो हा प्रकार होता.

आंघोळ त्याला घालायचीच नसते. भीतीने आणि गारठ्याने तो दगावू शकतो. कान धरून उचलायचं नाही. छातीखाली एक हात, मागच्या पायांखाली दुसरा. नीट आधार नसला आणि त्याने जोरात लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. माणसासारखा घाम त्याला येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे जाते. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडते, आणि आम्ही त्याला पत्र्याखाली ठेवलं होतं. घरात उरलेलं औषध तर मुळीच द्यायचं नाही. मुलांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या जिवावर बेततं.

मराठीत जिवाच्या आकांताने चाललेल्या धावपळीला ससेहोलपट म्हणतात. हा शब्द मी फळ्यावर लिहून शिकवला आहे. कोल्हा, कुत्रा, घार, सगळ्यांचं भक्ष्य असलेला हा प्राणी दुखणं लपवतो, कारण जंगलात दुबळा दिसला की संपला. ओरडत नाही, कण्हत नाही. म्हणून त्याचं खाणं आणि त्याच्या लेंड्या रोज पाहणं, हीच त्याची विचारपूस.

हे सांगितलं की दोन उत्तरं मिळतात. पहिलं : “माणसांना खायला नाही आणि तुम्ही सशाचं काय घेऊन बसलात?” पण सशाला मी म्हणालेच नव्हते की माझ्या घरी ये. त्याला आम्ही आणलं. पिंजऱ्यात ठेवलेल्या जनावराला स्वतःचं अन्न शोधता येत नाही, सावलीत जाता येत नाही. ते सगळं आपण त्याच्याकडून काढून घेतलेलं असतं, तेव्हा ते देणं आपल्याकडे लागतं.

दुसरं उत्तर आमच्या घरातलंच. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ससा हलाल आहे, लोक खातात. एवढं काय?” खरंच आहे. आम्ही गोश्त खातो, कुर्बानी करतो. पण ज्या जनावराला जिबह करायचं, त्याच्यासाठीसुद्धा सुरी धारदार करा, त्याला त्रास देऊ नका, अशी पैगंबरांची शिकवण आहे. काही क्षणांपुरत्या जनावराबद्दल एवढी काळजी असेल, तर जे आठ-दहा वर्षं आपल्या घरात राहणार त्याच्याबद्दल किती हवी? मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिने खायला दिलं नाही आणि मोकळंही सोडलं नाही. मी मनात म्हणायचे, किती निर्दयी बाई. मी निर्दयी नव्हते, तरी माझ्याही घरात कोंडलेला जीव गेला. मायेने घातलेल्या गाजराने तो वाचला नाही. अमानत सांभाळायची तर तिला काय लागतं हे माहीत करून घेणं हासुद्धा त्या अमानतीचाच भाग आहे, असं मला आता वाटतं.

कायदा आहे. प्राण्यांना पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि त्यांना बेवारस सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 पासून नियम आहेत आणि त्यांत ससाही येतो. पण टोपली घेऊन बसलेल्या माणसापर्यंत ते पोचत नाहीत. त्याच्यावरच सगळा राग काढावा असंही मला वाटत नाही. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं. मी तर बी.एड. झालेली, आणि मीही तेच शिकवत होते.

म्हणून ईदी, वाढदिवस, परीक्षेचं बक्षीस म्हणून जिवंत प्राणी कुणी देऊ नये. द्यायचाच असेल तर आधी त्या घराला विचारावं : रोज गवत कुठून आणणार? मे महिन्यात कुठे ठेवणार? सशाला ओळखणारा डॉक्टर कुठे आहे? आणि नर-मादीची जोडी असेल तर महिन्याभरात होणाऱ्या पिलांचं काय करणार? या चारांची उत्तरं नसतील तर मुलाला पुस्तक द्या, सायकल द्या.

शेरू आता खालच्या खोलीत राहतो. मुलगी सकाळी शाळेआधी हरळी कापून आणते, फवारणी नसलेल्या जागेवरची. दुपारी कूलर लावतो आणि त्याच्याजवळ ओल्या फडक्यात गुंडाळलेली बर्फाच्या पाण्याची बाटली ठेवतो. ती आता त्याला सोबती मागते. ससा एकटा कंटाळतो, हेही तिने वाचलंय. मी नाही म्हटलेलं नाही. उन्हाळा जाऊ दे, पुण्याच्या डॉक्टरांकडून शेरूची नसबंदी करून घेऊ आणि मग कुणाला आपला ससा नको झाला असेल तर त्याचा आणू, असं ठरलंय. टोपलीतून विकत आणायचा नाही.

निबंधाच्या वह्या यंदाही आल्या. ‘तो गाजर खातो’ या ओळीपुढे मी आता प्रश्नचिन्ह काढते आणि मुलाला जवळ बोलावून घेते.