नागोयाचा माग आणि नागपूरची गिरणी

जपानमधील नागोया शहरात टोयोटा उद्योगसमूहाने आपल्या इतिहासाचे एक संग्रहालय उभारले आहे. मोटारी पाहण्याच्या ओढीने तेथे जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला प्रवेश करताच आश्चर्याचा धक्का बसतो. दर्शनी दालनात त्याचे स्वागत मोटार करीत नाही. तेथे मांडलेला आहे साकिची टोयोडा यांनी शोधलेला वर्तुळाकार माग. ज्या जागेवर साकिचींनी १९११ मध्ये आपला प्रायोगिक विणकाम कारखाना काढला, त्याच जागेवर, जुन्या लाल विटांच्या भिंती जतन करून, ११ जून १९९४ रोजी हे संग्रहालय खुले झाले. तो दिवस साकिचींचे पुत्र किइचिरो यांच्या जन्मशताब्दीचा होता.

साकिची (जन्म १८६७) हे एका खेड्यातील सुताराचे पुत्र. घरी आई हातमागावर राबत असे. तिचे कष्ट हलके करावेत, या ध्यासातून त्यांचे संशोधन सुरू झाले. १८९० मध्ये टोकियोत भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात ते रोज जात आणि यंत्रांपुढे तासन्‌तास उभे राहत. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या लाकडी हातमागाचे पेटंट घेतले. १९२४ मध्ये त्यांचा स्वयंचलित माग सिद्ध झाला. धागा तुटताच हा माग आपोआप थांबे, म्हणून सदोष कापड निघत नसे. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने एक लाख पौंड मोजून त्याचे हक्क घेतले. ज्या देशाकडून यंत्रे विकत घ्यावी लागत, त्याच देशाला जपानने यंत्रविद्या विकली! १९३३ मध्ये किइचिरोंनी याच माग-कारखान्यात मोटार विभाग काढला, परदेशी मोटार खोलून तिचा भाग न्‌ भाग अभ्यासला आणि १९३७ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. प्रारंभीचे ओतकाम वारंवार फसले, पहिले ट्रक रस्त्यात बंद पडले. हे अपयश त्या समूहाने आपल्या इतिहासातून पुसून टाकलेले नाही.

हा सारा इतिहास नागपूरकराने विशेष लक्षपूर्वक वाचला पाहिजे. कारण साकिची जेमतेम दहा वर्षांचे असताना, १ जानेवारी १८७७ रोजी, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. मुंबई सोडून कापसाच्या प्रदेशात गिरणी काढण्याचे साहस त्यांनी केले. रिंग पद्धतीच्या चात्या परदेशी यंत्रनिर्मातेही साशंकतेने पाहत असताना त्यांचा प्रयोग याच गिरणीत झाला आणि यशस्वी ठरला. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी येथे १८८६ मध्येच सुरू झाला. १८९३ मध्ये परकीय जहाज कंपन्यांची भाडेमक्तेदारी मोडण्यासाठी जमशेटजींनी एका जपानी कंपनीशी करार केला. त्याच वर्षी योकोहामाहून निघालेल्या जहाजावर त्यांची आणि स्वामी विवेकानंदांची भेट झाली. आपल्या तरुणांनी दरवर्षी जपान पाहून यावे, असे स्वामीजींनी योकोहामाहूनच आपल्या शिष्यांना लिहिले होते.

त्या एम्प्रेस मिलचे पुढे काय झाले? सव्वाशे वर्षांच्या वाटचालीनंतर २००२ मध्ये ती कायमची बंद पडली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. गिरणी बंद पडणे एक वेळ समजू शकते, उद्योगांनाही आयुष्य असते. टोयोटाचा तो विणकाम कारखानाही आज कापड विणत नाही. पण नागोयात मागाची स्मृती जपली गेली आणि नागपुरात चातीची स्मृती भंगारात गेली, हा फरक पैशाचा नाही, दृष्टीचा आहे. याच नागपुरात १८६३ पासून अजब बंगला आहे. गिरणी बंद पडली त्याच २००२ मध्ये मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालयही उघडले. म्हणजे इच्छा असेल तर या शहरात जतन होऊ शकते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे साकिचींपेक्षा अवघ्या दोन वर्षांनी लहान. सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी लोखंडी नांगर घडवला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. १९९७ मध्ये टोयोटाने भारतात मोटारी बनवण्यासाठी किर्लोस्करांशीच भागीदारी केली. मात्र मोटारीवर संशोधन त्यांचे आणि जुळणी आपली, अशी विभागणी दीर्घकाळ राहिली. स्वदेशी म्हणजे केवळ परकीय मालावर बहिष्कार नव्हे. आपले यंत्र आपण घडवण्याची ईर्ष्या हा स्वदेशीचा गाभा आहे, आणि ती ईर्ष्या पूर्वसूरींच्या स्मरणातून जागी होते. टोकियोच्या प्रदर्शनात एक सुतारपुत्र घडला. आपल्या मुलांनी कोणत्या यंत्रापुढे उभे राहावे?

दत्तोपंत ठेंगडींनी उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा विचार मांडला. भारतीय मजदूर संघाने विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन मानला. त्या विचाराला अनुसरून नागपुरात वस्त्रोद्योगाचे एक जिवंत संग्रहालय उभे राहिले पाहिजे. तेथे चाती फिरताना दिसावी, माग चालताना ऐकू यावा. शासन, उद्योजक आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी ते मनावर घ्यावे. परंतु त्यासाठी थांबून राहण्याचे कारण नाही. एम्प्रेस मिलमध्ये राबलेले कामगार अजून आपल्या वस्त्यांत आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी साठी ओलांडली आहे. त्यांच्या आठवणी लिहून घेणे, त्यांच्याकडील ओळखपत्रे, छायाचित्रे, अवजारे जमवणे, हे काम कार्यकर्ते आणि विद्यार्थी आजच हाती घेऊ शकतात. आणखी दहा वर्षांनी ते करता येणार नाही.

खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो. ज्या हातांनी ती हत्यारे घडवली आणि चालवली, त्यांची नोंद ठेवणे हाही त्याच पूजेचा भाग आहे.