थांबण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर?



मागच्या ऑगस्टपासून दिवाळीनंतरपर्यंत स्थानकात, भाजीच्या गाडीवर, लग्नात, जिथे जाईन तिथे मला एकच प्रश्न होता, "काय, पिकअप आली का?" सिन्नर गाव केवढं! आमच्या भुसार दुकानाची नवी गाडी बुक झाली हे सगळ्यांना माहीत होतं. ती का येत नाही हे मात्र मलाही नीट सांगता यायचं नाही. आता गाडी दारात उभी आहे आणि माझ्या वहीत तिचा सगळा हिशेब आहे. तो मांडते. बी.कॉम. होऊन चव्वेचाळीस वर्षं झाली, पण आकडे पाहिले की अजून हात शिवशिवतात.

जुनी गाडी फिटनेस संपायच्या आत जुलैत विकली. ९ जुलैला नवी बुक केली. शोरूममध्ये उभी होती ती चालली असती, पण आमच्या धाकट्याला लांब हौद्याची हवी होती. ती कारखान्यातून ऑर्डरने येणार, पाच-सहा आठवडे लागतील म्हणाले. वावी, ठाणगाव, पांढुर्ली, नांदूर शिंगोटे इकडचा माल पोचवायला तोपर्यंत भाड्याची गाडी. ड्रायव्हरही ठरला. माळेगाव एमआयडीसीतल्या एका ठिकाणी तो कामाला होता. "१ ऑगस्टपासून आमच्याकडे ये, अठरा हजार," असं धाकट्याने त्याला सांगितलं आणि त्याने ती नोकरी सोडली.

१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. १८ तारखेला शोरूमचा फोन आला, गाडी दोन दिवसांत लागेल, पैसे भरा. धाकटा म्हणाला, थांबतो. अठ्ठावीस टक्क्यांचे अठरा होतील असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. आमच्या वाट्याची गाडी दुसऱ्या कुणाला गेली. यात शोरूमवाल्याची काही चूक नाही, नको असं आपणच सांगितलं.

थांबायला कारण होतं, हेही कबूल करते. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने खरोखरच मालवाहू गाड्यांचा आणि छोट्या कारचा दर २८ वरून १८ केला आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, तो लागू झाला. करापूर्वीची किंमत ८ लाख धरली तर २,२४,००० चे १,४४,००० झाले. ऐंशी हजार वाचले, असं धाकट्याने जेवताना जाहीर केलं. ह्यांनीही मान डोलावली.

मी म्हटलं, ऐंशी नाही वाचले.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळ जणींना माहीत नसते म्हणून सांगते. घरची कार घेतली तर तिच्यावरचा जीएसटी परत मिळत नाही. तिथे दर उतरला की पूर्ण फायदा. पण धंद्याच्या मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपल्याला सरकारला जो कर भरायचा असतो त्यातून तो वजा होतो. आमच्या विक्रीत सुटं धान्य-कडधान्य करमुक्त आहे, तेल, साखर, चहा वगैरे करपात्र. करपात्र विक्री साधारण दोन तृतीयांश, म्हणून क्रेडिटही तेवढंच. मग दर उतरल्याचा खरा फायदा राहिला ऐंशी हजारांचा एक तृतीयांश, २६,७००. एकच छोटा हत्ती घेऊन भाडी मारणारा, ज्याचा जीएसटी नंबरसुद्धा नसतो, त्याचे मात्र पूर्ण पैसे वाचतात. त्याने थांबावं, मी काही म्हणणार नाही.

आता दुसरी बाजू. १८ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर पाच आठवडे. आठवड्याला चार फेऱ्या, फेरीला १,७०० रुपये भाडं, एकूण ३४,०००. स्वतःच्या गाडीला डिझेल ११,००० चं लागलं असतं, म्हणजे २३,००० जास्त गेले. कर्ज उशिरा घेतल्यामुळे व्याजाचे ६,७०० वाचले, तेही धरले. २६,७०० अधिक ६,७०० वजा २३,०००. राहिले १०,४००.

"मग दहा हजार तर दहा हजार," धाकटा म्हणाला. "आणि ड्रायव्हरचा पगार पण वाचला ना!"

पाच आठवड्यांचा त्याचा पगार होतो २१,०००. म्हणजे थांबण्यातून आम्हाला जे एकतीस हजार चारशे मिळणार होते त्यातले एकवीस हजार सरकारने दिलेले नव्हते. ते ज्याने आमच्या शब्दावर नोकरी सोडली त्याच्या खिशातून येणार होते. आणि हे कुणाला दिसतही नव्हतं, कारण न दिलेला पगार कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. मलाही ते आधी दिसलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

ते दिसलं संवत्सरीला. दरवर्षीप्रमाणे धाकट्याने फोनमधल्या सगळ्या नंबरांना क्षमापनेचा मेसेज पाठवला, हात जोडलेलं चित्र, खाली मिच्छामि दुक्कडम्. तीनशे जणांत ड्रायव्हरचाही नंबर होता. त्याला त्या शब्दांचा अर्थ काय कळला असेल कोण जाणे. त्याचं उत्तर आलं, "भाऊ, गाडी कधी येणार?" सूनबाईने मला ते हसत हसत वाचून दाखवलं. मला काही हसू आलं नाही. महिनाभर तो घरी होता. एमआयडीसीतली जागा भरली गेली होती. बायको विड्या वळते, सिन्नरला घरोघर तेच, त्यावर चाललं होतं.

धाकट्याचं म्हणणं असं, "आई, गाडीच नाही तर ड्रायव्हर कशाला? मला काय स्वप्न पडलं होतं जीएसटी उतरणार म्हणून?" हे खरंच आहे. पण थांबायचं हे त्याने ठरवलं, ह्यांनी ठरवलं, मलाही विचारलं. ज्याचं सगळ्यात जास्त जाणार होतं त्याला तेवढं कुणी विचारलं नाही.

माझ्या लहानपणी वाट पाहण्याला निदान भाव तरी होता. मी पाचवीत असताना वडिलांनी बजाजची स्कूटर बुक केली. नंबर लागला तेव्हा माझं नाशिकच्या बीवायके कॉलेजात बी.कॉम. संपत आलं होतं. किती स्कूटर बनवायच्या ते सरकारी लायसन्स ठरवायचं, वाटपाचेही नियम होते, आणि आठ-दहा वर्षं थांबणं हे कुणाला नवल वाटायचं नाही. मुलगी दहा वर्षांची झाली की तिच्या लग्नाच्या हिशेबाने स्कूटर बुक करणारे लोक आमच्या नात्यात होते. नंबर लागला की विकत घ्यायला माणसं दारात यायची, वर ब्लॅकचे पैसे द्यायला तयार. चांगलं होतं असं मी म्हणत नाही, काळा बाजार तो काळा बाजारच. पण इतकी वर्षं थांबलं म्हणजे इतके रुपये, हे गल्लीतल्या पोरालाही पाठ असायचं. आता लायसन्सराज गेलं, शोरूममध्ये एसी आला, चहा-कॉफी विचारतात, आणि थांबण्याचा भाव कुणालाच माहीत नाही.

आपल्या तालुक्यात तर हे थांबणं दोन्ही बाजूंनी पाहायला मिळतं. २०२१ आठवा. थार बनते आपल्या नाशिकला, आणि बुकिंग केलेले लोक महिनोन् महिने ताटकळत होते. कारण काय, तर चिप नाहीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाड्यांच्या कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कमी केल्या. घरी बसलेल्या जगाने लॅपटॉप-मोबाईल घेतले, चिप बनवणाऱ्यांनी तिकडचा माल धरला. गाड्यांना परत मागणी आली तेव्हा रांगेत त्या मागे. पुढे मलेशियात कोरोनाने कारखाने अडले. त्या सप्टेंबरात महिंद्राने जाहीरच केलं होतं की सातेक दिवस उत्पादन बंद ठेवणार.

बोटभर चिप नाही म्हणून गाडी थांबली की पत्र्याचे, रबराचे, लोखंडाचे भाग बनवणारेही थांबतात. आमच्या शेजारी खोली घेऊन राहणारा एक मुलगा तेव्हा मुसळगावच्या वसाहतीत कंत्राटावर होता, प्रेसवर पार्ट काढायचा. कंपनीतून मेसेज यायचा, उद्या येऊ नका. रोज बंद. आणि त्याच गल्लीत माझा पुतण्या थार येत नाही म्हणून फोनवर आवाज चढवून बोलत असायचा. एक गाडीसाठी थांबलेला, दुसरा कामासाठी. पुतण्याला शेवटी गाडी मिळाली. त्या मुलाला त्या दिवसांचे पैसे मिळाले नाहीत.

२०२० चा मार्च तर याच्या उलटा. १ एप्रिलपासून बीएस-४ गाड्यांची विक्री बंद म्हणून ३१ तारखेच्या आत घ्या, पासिंग करून घ्या, ही धावपळ, आणि २५ मार्चला सगळा देशच बंद. नियम बदलायची तारीख जाहीर झाली की एकदा सगळे धावतात, एकदा सगळे थांबतात.

सरकारबद्दलही थोडं बोलते. दर कमी केला हे उत्तमच. पण १५ ऑगस्टला सांगायचं आणि २२ सप्टेंबरला लागू करायचं, यात मधले पाच आठवडे बाजाराने काय करावं? शहाणा गिऱ्हाईक थांबणारच. कंपन्यांनीही त्या ऑगस्टात शोरूमना गाड्या कमी पाठवल्या. दुकानातला सेल्समन, ज्याला कमिशनवर पगार, तोही बसून. बुकिंगचे पैसे आधी भरले होते याचा उपयोग नव्हता, गाडीचा ताबा आणि बिल कोणत्या तारखेचं त्यावर दर ठरतो. माझं मत असं की घोषणेच्या दिवसापासून जी बिलं फाटतील त्यांना नंतर ठरलेल्या दराने फरक परत मिळेल, एवढं एक वाक्य भाषणात असतं तर कुणी थांबलंच नसतं. हिशेबाला किचकट होईल, ठाऊक आहे. जीएसटीत सोपं काय आहे?

आता आमच्या गाडीचं पुढे काय झालं ते. २२ सप्टेंबरला गाडी येईल हा आमचा समज. पण आमच्यासारखे सगळेच थांबले होते आणि सगळ्यांना एकदमच जाग आली. लांब हौद्याची म्हणजे पुन्हा ऑर्डर, पुन्हा रांग. नवरात्र गेलं, दसरा गेला, धनत्रयोदशी गेली. दिवाळीच्या तोंडावर भुसार दुकानाची काय धांदल असते ते तुम्हाला सांगायला नको. भाड्याच्या गाडीवाल्यांनी दर वाढवले, तेही बरोबरच आहे. गाडी ११ नोव्हेंबरला आली. त्या सात आठवड्यांत भाड्यावर, डिझेल वजा जाता, आणखी पन्नास हजार गेले. दहा हजारांचा फायदा कुठल्या कुठे.

शिवाय घसारा. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गाडी कामाला लागली असती तर त्या वर्षात १८० दिवस भरले असते आणि पूर्ण १५ टक्के घसारा मिळाला असता. आता निम्मा. बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळतो, पण त्या वर्षी साठ हजारांची वजावट कमी झाली. हे मी जुलैतच सांगितलं होतं. तेव्हा दोघे बापलेक क्रिकेट बघत होते.

ड्रायव्हरचं मी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मिटवलं. ऑगस्टचा पूर्ण पगार माझ्या खात्यातून दिला. ह्यांना नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर चर्चा झाली असती. १ सप्टेंबरपासून तो दुकानात, गाडी येईपर्यंत पोती मोजणं, भाड्याच्या गाडीबरोबर जाऊन माल उतरवून घेणं. पगार तोच. धाकटा आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होता. दिवाळीत मात्र म्हणाला की हा सोबत होता म्हणून एकाही गावाची ऑर्डर चुकली नाही. मी काही बोलले नाही, चकली पुढे केली.

दुकानाच्या खर्चात मी एक नवीन खातं उघडलं आहे, "थांबण्याचा खर्च". सीएंनी फोन करून विचारलं, काकू हे काय? म्हटलं, तुम्ही तुमच्या पद्धतीने भाडं आणि पगार यात घाला, माझ्या वहीत राहू दे. आता मोठ्याच्या मनात ट्रॅक्टर घ्यायचा आहे. त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ झालाय, पण ऐन हंगामात मिळेल का ते बघावं लागेल. यावेळी बुक करायच्या आधी वही मी त्याच्यासमोर ठेवली आहे. पहिल्या पानावर ड्रायव्हरचं नाव आहे.