ओहोळाच्या दोन काठांवरचं एक गाव
जर्मनीतलं म्योडलारॉयट हे जेमतेम पन्नासेक माणसांचं गाव. शेतं, गोठे, एक तळं आणि मधून वाहणारा टानबाख. टानबाखला नदी म्हणणं जिवावर येतं. लांब ढांग टाकली की पलीकडे पोचावं, एवढाच तो ओहोळ. १८१० साली त्याच्या काठाने हद्दीचे दगड रोवले गेले: एका अंगाला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या अंगाला रॉइसचं संस्थान. गावकऱ्यांना त्याचा जाच नव्हता. शाळा आणि खाणावळ रॉइसच्या काठावर, पण सगळ्यांचीच. घात झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. हीच जुनी रेघ आधी अमेरिकी आणि सोव्हिएत ताब्यातल्या मुलखांची, मग १९४९पासून पश्चिम आणि पूर्व जर्मनी या दोन देशांची सीमा झाली. १९५२मध्ये फळ्यांचं कुंपण आलं, १९६६मध्ये सातशे मीटर लांब, तीन मीटरहून उंच काँक्रीटची भिंत. पश्चिमेकडच्या शेजाऱ्याने हात हलवला, तर पूर्वेकडच्याला उलट हात हलवायलाही बंदी! एवढ्याशा वस्तीवर केवढा हा जुलूम. अमेरिकी सैनिक या गावाला ‘छोटं बर्लिन’ म्हणत. मोठ्या बर्लिनची भिंत उघडल्यावर महिनाभराने, ९ डिसेंबर १९८९ रोजी, इथे पायी जाण्यापुरती वाट मोकळी झाली. पुढच्या जूनमध्ये बुलडोझर आला. भिंतीचा एक तुकडा मात्र संग्रहालयासाठी जपून ठेवला आहे. आजही एक काठ बव्हेरियात, दुसरा थुरिंगियात. दोन्हींचे पिनकोड वेगळे. भेटल्यावर या काठचा माणूस ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतो, त्या काठचा ‘गुटन टाग’.