‘स्टेबल’ म्हणजे शिळे नव्हे

डेबियन लिनक्सच्या ‘स्टेबल’ शाखेतील सॉफ्टवेअर जुने, म्हणून असुरक्षित, हा आक्षेप केवळ आवृत्तीच्या आकड्यावर विसंबलेला आहे. नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये येते, साधारण दोन ते दहा दिवसांत गंभीर दोष न दिसल्यास ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. दर दोनेक वर्षांनी टेस्टिंगमधली आवक थांबवून, दोष निस्तरून तीच शाखा स्टेबल म्हणून जाहीर होते. ‘बुकवर्म’ ही आवृत्ती जून २०२३ मध्ये आली, ‘ट्रिक्सी’ ऑगस्ट २०२५ मध्ये.

त्यानंतर आकडा गोठतो, दुरुस्ती गोठत नाही. सुरक्षेतला दोष सापडला की नव्या आवृत्तीतली नेमकी दुरुस्ती जुनीवर बसवली जाते. आवृत्तीच्या आकड्यामागे ‘डेब१२यू१’ अशी शेपटी दिसते, ती याचीच खूण. टेस्टिंगला मात्र हीच दुरुस्ती बहुधा अनस्टेबलमधून, रांगेत थांबून मिळते. नव्याच्या हौसेपायी उलट उशीर पदरी पडू शकतो, आणि आक्षेपात नेमकी हीच बाजू राहून जाते.

ऐन धानाच्या हंगामात गोंदियातल्या राइस मिलचा हिशेब ज्या संगणकावर चालतो, त्याला स्टेबलच हवी. टेस्टिंग निरुपयोगी नाही. दोष शोधून कळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ती जरूर वापरावी, कारण पुढची स्टेबल अशाच हातांतून घडते.

पॅकेजे कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलमध्ये मात्र ‘स्टेबल’ऐवजी ‘ट्रिक्सी’ हे नाव लिहावे. नाहीतर पुढची आवृत्ती जाहीर झाल्यावर अपग्रेडची वाट थेट तिकडेच वळते.

— एक वाचक, गोंदिया