मीटरची बैठक घरीच करा

जासईजवळ न्हावा-शेव्याकडे निघालेल्या कंटेनर ट्रेलरांच्या रांगेत गाडी अडकली की इंजिन तापतं. पण अनेक नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. नुसता दिवा, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तापमानाचा जादा मीटर लावावा, त्याला डॅशबोर्डवर धरणारी बैठक मात्र घरीच करावी. बहुतेक असे मीटर ५२ मिमीचे. ६३ मिमी पीव्हीसी पाइपाचा तिरका कापलेला तुकडा, आत फोमची पट्टी, वर चमक नसलेला काळा रंग, एवढ्यात भागतं. घरगुती काम धोक्याचं, हा आक्षेप रास्तच. पण तो जागेला आणि वायरिंगला लागू पडतो, पाइपाला नाही. एअरबॅगच्या झाकणावर काहीही नको, रस्ता झाकला जायला नको, वायरीला फ्यूज हवाच. चिकटपट्टी उन्हात सुटते, स्क्रूनेच आवळा.